कै. बाबा पदमनजी : एका श्रद्धेची वाटचाल



आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. आजवर दानशूर व्यापारी, धर्मशाळा बांधणारे गृहस्थ, मुक्तिसंग्रामात उतरलेले कार्यकर्ते यांची चरित्रे आपण आदराने वाचली. यंदा हे काम मजकडे आले, तेव्हा मी बाबा पदमनजी यांचे नाव सुचविले. सभेत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले की, जो गृहस्थ आपली ज्ञाती आणि आपला धर्म दोन्ही सोडून गेला, त्याचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. ते या लेखात देण्याचा यथामती प्रयत्न करीत आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत मराठी शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. मराठीतील पहिली कादंबरी कोणती, हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना विचारीत असे आणि मुलेही एका सुरात यमुनापर्यटन हे नाव सांगत. कर्ते कोण, तर बाबा पदमनजी. साल १८५७. एवढे सांगून आम्ही पुढल्या प्रश्नाकडे वळत असू. हा लेखक कोण, कोठला, कोणत्या घरातला, हे मी कधी विचारले नाही आणि मुलांनीही विचारले नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचनालयात बसण्यास सवड मिळाली. तेथे एके दिवशी एका चरित्रकोशात वाचले की, बाबा पदमनजी यांचा जन्म त्वष्टा कासार ज्ञातीत झाला. आपलाच मनुष्य! इतकी वर्षे ज्याचे नाव फळ्यावर लिहिले, तो आपल्या कालिकामातेच्या लेकरांपैकी एक होता, हे मला त्या दिवशी कळले.

हे आपल्याला ठाऊक नसावे, याला एक कारण आपल्या भागाच्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मराठी शाळा थोड्या, पुस्तके त्याहून थोडी. माझ्या वडिलांची पिढी उर्दू माध्यमातून शिकली. मुंबई-पुण्याकडे शंभर वर्षांपूर्वी छापलेले ग्रंथ आपल्याकडे उशिरा आले, काही आलेच नाहीत. परंतु दुसरेही एक कारण आहे. जो निघून गेला त्याचे नाव पुन्हा काढावयाचे नाही, ही आपली जुनी रीत आहे.

जन्म आणि घर

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. योगायोग असा की, मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश त्याच वर्षी प्रथम प्रकाशित झाला. पुढे त्या कोशाशी बाबांचा निकटचा संबंध येणार होता. घराण्याचे आडनाव मुळे. वडिलांचे नाव पदमनजी माणिकजी. ते सरकारी नोकरीत होते आणि घर खाऊनपिऊन सुखी होते.

घरातील वातावरण सोवळ्याओवळ्याचे आणि देवधर्माचे होते. नित्य पूजा, व्रते, उपवास, सणवार आणि पोथीवाचन यांत बाबांचे बालपण गेले. या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. धर्मांतर केलेला मनुष्य मुळातच नास्तिक असला पाहिजे किंवा घरात त्याला चांगले वळण लागले नसले पाहिजे, असा आपला समज असतो. बाबांच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा ठरतो. देवाची ओढ त्यांना आईवडिलांच्या घरातच लागली. पुढे ते वेगळ्या मार्गाने गेले, तरी त्या ओढीचे बीज आपल्याच ज्ञातीतील एका घरात, देवघरातल्या समईच्या उजेडात पडले होते.

शाळा आणि प्रश्न

बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० सालापासून चालू होते. त्यांच्या इंग्रजी शाळेत बाबांना घालण्यात आले. त्या काळी इंग्रजी शिकावयाचे तर मिशनच्या शाळेवाचून फारसा इलाज नसे आणि पुष्कळ सनातनी घरांतील मुलेही तेथे जात. आईबापांना हवी असे ती नोकरीस लागणारी विद्या. पण तेथे गणित आणि भूगोल यांच्या जोडीला बायबलही शिकविले जाई. मुले ते ऐकत, परीक्षेपुरते पाठ करीत आणि घरी येऊन हातपाय धुऊन पुन्हा आपल्या आचारात शिरत. शंभरांतील नव्याण्णव मुलांच्या मनावर त्याचा काही परिणाम होत नसे.

बाबांचे तसे झाले नाही. कासाराच्या दुकानातला एक नेम आपणा सर्वांस ठाऊक आहे. गिऱ्हाईक भांडे घेताना ते बोटाने वाजवून पाहते आणि आपण त्यास कधी मना करीत नाही. खणखणीत वाजले तर माल चांगला, बद्द वाजले तर कोठेतरी चीर आहे. बाबांनी धर्माच्या बाबतीत हाच नेम धरला. घरात ऐकलेली गोष्ट त्यांनी वाजवून पाहिली आणि शाळेत ऐकलेली गोष्टही वाजवून पाहिली. मिशनरी सांगतात म्हणून ती खरी, असे त्यांनी पहिल्या दिवशी मानले नाही. बेळगावच्या शाळेत मनात आलेल्या प्रश्नांचा शेवट होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

१८४९ च्या सुमारास ते मुंबईस आले. प्रथम एल्फिन्स्टनच्या विद्यालयात आणि नंतर स्कॉटिश मिशनच्या फ्री चर्च विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल असे विद्वान मिशनरी त्या काळी मुंबईत होते. विल्सनसाहेब १८२९ सालीच मुंबईस आले होते. मराठी उत्तम बोलणारे आणि आपले धर्मग्रंथ अभ्यासून वादास उभे राहणारे असे हे लोक होते. त्यांच्याविरुद्ध आपल्याकडील शास्त्रीपंडितही तितक्याच हिरिरीने उभे राहत. मुंबईच्या तरुण विद्यार्थ्यांत धर्माची चर्चा हा रोजचा विषय झाला होता.

परमहंस मंडळी

याच सुमारास, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस मंडळी ही गुप्त संस्था निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण यांसारखे त्या काळचे अग्रगण्य सुशिक्षित तिचे आधारस्तंभ होते. ईश्वर एक आहे, जातिभेद मानवनिर्मित आहे, मूर्तिपूजा सोडावी, अशी त्यांची मते. नव्या सभासदाने सर्वांसमक्ष परजातीच्या मनुष्याने केलेला पाव खाऊन जातिबंधन मोडल्याची खूण पटवावी लागे. बाबा पदमनजी या मंडळीत सामील झाले.

मंडळीचा हेतू उदात्त होता, परंतु एक अट होती. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत सारे गुप्त ठेवावयाचे. म्हणजे सायंकाळी बंद खोलीत सर्वांनी एकत्र पाव खावयाचा आणि रात्री घरी जाऊन सोवळे नेसून पंक्तीस बसावयाचे. सकाळी मूर्तीची पूजा करावयाची आणि मूर्तीत देव नाही असे संध्याकाळी म्हणावयाचे. त्या विद्वानांना दोष देणे आज सोपे आहे. वाळीत पडणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले नाही त्याने त्यांना भित्रे म्हणू नये. मुलीचे लग्न जमत नसे, न्हावी येत नसे, घरात कोणी मेले तर खांदा द्यावयास चार माणसे मिळत नसत. पुढे १८६० साली मंडळीच्या सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस गेल्याची वार्ता पसरली, नावे उघड होण्याच्या भीतीने दाणादाण उडाली आणि मंडळी संपली. तिच्यातील काही विचारवंतांनी पुढे १८६७ साली प्रार्थनासमाज काढला आणि तो उघडपणे चालविला, हेही नमूद केले पाहिजे.

या मंडळीत राहून बाबांना एक गोष्ट कळली असावी, असे मला वाटते. नको ते सोडण्याची यादी मंडळीजवळ होती. जाती सोडा, मूर्ती सोडा, ग्रंथप्रामाण्य सोडा. परंतु दुःखाच्या प्रसंगी ज्याला हाक मारावी, पाप घडले असता ज्याच्यापाशी रडावे, तो कोण, याचे उत्तर तेथे मिळत नव्हते. ज्या मुलाला लहानपणापासून देवाची ओढ लागलेली, त्याचे एवढ्याने समाधान होणे शक्य नव्हते.

दोन घरांमधला मनुष्य

बाप्तिस्म्यापूर्वीची काही वर्षे बाबांनी मोठ्या ओढाताणीत काढली. आपल्या अरुणोदय या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ विस्ताराने सांगितला आहे. मनाने ते ख्रिस्ताकडे वळले होते. बायबलाचे वाचन आणि प्रार्थना चालू होती. परंतु बाहेरून ते आपल्या आईवडिलांचे आज्ञाधारक चिरंजीवच राहिले. सत्य कळूनही ते बोलता येत नाही, याची टोचणी त्यांना रात्रंदिवस होती.

येथे ख्रिस्ती धर्मातील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, म्हणजे बाबांची अडचण कळेल. आपला मनुष्य जन्मतःच आपल्या धर्मात आणि ज्ञातीत असतो. त्याला त्यासाठी वेगळे काही बोलावे लागत नाही. बाबा ज्या मिशनऱ्यांच्या सहवासात आले त्यांची शिकवण अशी की, श्रद्धा वारशाने मिळत नाही. प्रत्येकाने आपले पाप स्वतः ओळखावे, पश्चात्ताप करावा, ख्रिस्तावर स्वतः विश्वास ठेवावा आणि तो चारचौघांत कबूल करून बाप्तिस्मा घ्यावा. केवळ मत पटणे पुरेसे नाही. मनातल्या मनात ख्रिस्ती असणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे. परमहंस मंडळीतील गुप्तता पाहून आलेल्या बाबांना या कबुलीचे मोल अधिकच जाणवले असले पाहिजे.

आणि कबुली द्यावयाची ती कोणासमोर? ज्यांनी देवाचे पहिले नाव शिकविले त्या आईबापांसमोर. धर्मांतराची गोष्ट सांगताना आपण वादविवाद, शास्त्रार्थ, मिशनरी यांविषयी पुष्कळ बोलतो. खरा प्रसंग घराच्या उंबऱ्यावर घडतो. तेथे पुस्तके उपयोगी पडत नाहीत.

१८५४

सप्टेंबर १८५४ मध्ये बेळगाव येथे बाबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. ज्या गावात जन्म झाला आणि जेथे सारे गणगोत ओळखीचे, त्याच गावात त्यांनी हे पाऊल उचलले. मुंबईसारख्या मोठ्या शहरात ते चुकवून घेता आले असते.

त्या काळची परिस्थिती ध्यानात यावी म्हणून थोडे सांगतो. अकरा वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी दावा लावला. मुलगा अजाण म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर सारी मुंबई दुभंगली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली म्हणून त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. जो मुलगा घरी परत आला होता त्यालाही दार उघडण्यास लोक तयार नव्हते, मग जो आपल्या पायांनी गेला त्याची काय कथा!

१८५० साली सरकारने कायदा केला की, धर्म सोडल्यामुळे किंवा ज्ञातीबाहेर पडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडू नये. कायद्याने जमिनीचा तुकडा मिळवून दिला असता, परंतु पंगतीतला पाट आणि आईच्या हातचा घास कोणता कायदा मिळवून देणार? धर्मांतर करणाऱ्याच्या नावाने घरचे लोक स्नान करून मोकळे होत आणि तो जिवंतपणीच मेलेला ठरे. बाबांच्या वाट्याला आलेला वियोग असा दुहेरी होता. त्यांना घर अंतरले आणि घरालाही पुत्र अंतरला. या दुसऱ्या दुःखाची नोंद ग्रंथांत कमी सापडते. त्या आईबापांच्या बाजूनेही आपण दोन अश्रू ढाळले पाहिजेत, कारण तेही आपलेच होते.

बाप्तिस्म्यानंतरची बावन्न वर्षे

पुष्कळ चरित्रकार धर्मांतराच्या प्रसंगापाशी थांबतात. माझ्या मते बाबांचे चरित्र तेथून सुरू होते. एखाद्या क्षणी भावना उचंबळून मोठा निर्णय घेणे अनेकांना साधते. त्यानंतर रोज सकाळी उठून त्या निर्णयाला जागणे कठीण असते. बाबा २९ ऑगस्ट १९०६ रोजी वारले. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर ते सुमारे बावन्न वर्षे जगले आणि ही सारी वर्षे एका निष्ठेने जगले.

बाप्तिस्म्यानंतर ते पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे १८६७ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी उपदेशकाचे काम सोडून त्यांनी लेखनास वाहून घेतले. आपल्या श्रद्धेचा उपयोग कोठे होईल, हे त्यांनी ओळखले. आपणास देणगी लेखणीची आहे, तेव्हा सेवाही लेखणीनेच करावी, असा तो निश्चय होता. लहानमोठी शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. धर्म, समाज, स्त्रीशिक्षण, कोश, निबंध, टीका असे नाना विषय त्यांनी हाताळले. सत्यदीपिका या नियतकालिकाचे संपादन केले. नव्या करारावरील त्यांची टीका १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. अरुणोदय १८८८ मध्ये निघाले आणि १८९० मध्ये त्याचे इंग्रजी रूप लंडनला छापले गेले.

त्यांची श्रद्धा कशी वाढत गेली, याचा माग या पुस्तकांतून लागतो. स्त्रियांनी विद्या शिकावी हा त्यांचा निबंध १८५२ चा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीचा. म्हणजे दुबळ्याविषयीचा कळवळा धर्मांतराने एका दिवसात उत्पन्न झाला नाही, तो आधीपासूनच होता. नव्या श्रद्धेने त्याला दिशा आणि धीर दिला. त्यातून १८५७ मध्ये यमुनापर्यटन लिहिले गेले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते.

यमुनापर्यटन

या कादंबरीचे दुसरे नाव हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. यमुना आणि तिचा पती विनायक हे तरुण जोडपे प्रवासास निघते आणि गावोगावी विधवांच्या कहाण्या पाहते, ऐकते. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरात मोलकरणीसारखी राबणारी, कोणी पाय घसरून पडलेली आणि पाडणारा मात्र प्रतिष्ठित म्हणून मिरवणारा. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि जी दुसऱ्यांचे दुःख पाहत हिंडली तिच्यावरच ते ओढवते. अखेरीस यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

शिक्षक या नात्याने प्रामाणिकपणे सांगतो की, कादंबरी म्हणून ती पुष्कळ ठिकाणी कच्ची आहे. पात्रे उपदेश करू लागतात, गोष्ट थांबते. तिच्यात धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे आणि आपल्या सणांवर, चालीरीतींवर बाबांनी इतरत्र जे लिहिले आहे त्यातील काही भाग आपल्या मनाला लागतो. मला स्वतःला तो वाचताना पुस्तक मिटून ठेवावे असे वाटले. परंतु विधवांचे दुःख त्यांनी कोठेही वाढवून सांगितलेले नाही, हेही कबूल केले पाहिजे. राजे, राक्षस आणि अद्भुत प्रसंग यांत रमणाऱ्या त्या काळात घरातल्या माजघरात तोंड लपवून बसलेल्या बाईवर पुस्तक लिहावे, असे एका सव्वीस वर्षांच्या तरुणास वाटले. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, आलेली हळबेशास्त्र्यांची मुक्तामाला अद्भुतरम्य वळणाची आहे. बाबांनी कादंबरी जमिनीवर उभी केली. याचे श्रेय त्यांच्या श्रद्धेला दिले पाहिजे. दीनदुबळ्यांत देव पाहावा, ही शिकवण त्यांनी आपल्या धर्मग्रंथात वाचली आणि ती शब्दशः खरी मानली.

१८५७ मध्येच मोल्सवर्थच्या कोशाची मोठी, सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. शाळेतील मुलांना तो अवाढव्य ग्रंथ झेपत नसे. बाबांनी त्याचा संक्षेप केला. तो १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरला. कोशाचे काम किती कंटाळवाणे, किती चिकाटीचे असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. त्यात टाळ्या नाहीत आणि धर्मप्रसारही नाही. तरी ते त्यांनी केले. धर्म बदलला म्हणून मराठी परकी झाली नाही, उलट तिची सेवा हाच त्यांचा नित्यधर्म झाला.

मराठवाड्याकडे पाहता

बाबांचे कार्य मुंबई-पुण्याकडे घडले, परंतु त्यांच्याच मिशनचे नारायण शेषाद्री यांनी आपल्या मराठवाड्यात, जालना येथे काम केले. जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. गावात जागा आणि पाणी नाकारल्या गेलेल्या कुटुंबांना तेथे शेती, शाळा आणि आसरा मिळाला. आपण उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले ते दुसऱ्याच्या दारी गेले, तर त्यात नवल ते काय?

माझा एक अपराध

आता एक खासगी गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक हुशार मुलगा होता. तो प्रश्न फार विचारी. देव सर्वत्र आहे तर अमक्या मुलाला देवळाच्या पायरीवर का थांबविता? मंत्राचा अर्थ भटजींना विचारला तर ते रागावतात का? एकदा मी चिडून त्याला सांगितले की, आधी गणिताचा पाढा पाठ कर, मग देवाची चौकशी कर. वर्ग हसला. तो खाली बसला आणि त्यानंतर त्याने मला प्रश्न विचारला नाही.

मोठेपणी नोकरीच्या गावी तो प्रार्थनामंदिरात जाऊ लागला आणि पुढे ख्रिस्ती झाला. ज्ञातीत चर्चा झाली, चार दिवस नावे ठेवून झाली, मग नाव काढणेच बंद झाले. त्याचे वडील वारले तेव्हा तो आला होता. स्मशानात तो लिंबाच्या झाडाखाली एकटा उभा होता. त्याला पुढे ये म्हणून कोणी म्हटले नाही. मी वीस पावलांवर होतो. मीही म्हटले नाही. अरुणोदय वाचताना मला तो लिंब आठवत होता.

कोणी धर्म सोडावा असा उपदेश मी करीत नाही. मी कालिकामातेचा भक्त आहे आणि तिच्याच पायाशी माझा शेवट व्हावा अशी माझी इच्छा आहे. परंतु श्रद्धा कशी सुरू होते आणि कशी वाढते, हे मला आपल्या शंभर प्रवचनांइतकेच या दूर गेलेल्या पुरुषाच्या चरित्राने शिकविले. ती प्रश्नापासून सुरू होते. प्रश्नाचा अपमान झाला तर ती दुसरे घर शोधते. ती एका दिवसात पिकत नाही, बाबांनाही वर्षे लागली. ती लपवून ठेवली तर मनुष्य दुभंगतो. ती उघड केली तर किंमत द्यावी लागते. आणि ती खरी असेल तर जपमाळेत किंवा प्रार्थनेत न थांबता दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जाते. हे नियम सर्व धर्मांच्या माणसांना सारखेच लागू आहेत, असे मला वाटते.

उपसंहार

निलंगा तालुक्यातील कासार सिरसी या गावाच्या नावातच आपल्या ज्ञातीचे नाव आहे. नांदेडच्या बाजारात भांड्यांची दुकाने अजून आहेत, जरी स्टीलने आणि प्लॅस्टिकने पितळ-तांब्याची जागा घेतली. धंदा बदलला, मुले शिकून दूरदूर गेली. काही परजातीत लग्ने करतील, काही निराळ्या विचारांनी जगतील. त्यांच्याशी आपण कसे वागणार, हा प्रश्न बाबांच्या काळात होता आणि आजही आहे. आपल्या घरातील पोरगे जेवताना एखादा अवघड प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका, एवढीच माझी प्रार्थना आहे. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. भांडे वाजवून पाहू देण्यात दुकानदाराची अप्रतिष्ठा नाही.

शेवटी सभेतील त्या प्रश्नाचे उत्तर. बाबांनी धर्म बदलला, पण नाव बदलले नाही. जॉन नाही, पीटर नाही. शंभरावर पुस्तकांच्या मुखपृष्ठावर त्यांनी जे नाव छापले, त्यात पदमनजी हे त्यांच्या वडिलांचे नाव आहे. ज्या पित्याच्या घरातून ते बाहेर पडले, त्या आपल्या एका ज्ञातिबांधवाचे नाव त्यांनी बावन्न वर्षे आपल्या नावाशेजारी वागविले आणि मराठी भाषेच्या इतिहासात कायमचे नेऊन ठेवले. त्यांनी आपल्याला इतके सोडले नव्हते. आपणच त्यांचे नाव घेणे सोडले होते. ते या स्मरणिकेत पुन्हा घेतले जात आहे, याचे मला समाधान वाटते.